सवाई जयसिंह : दूरच्या नगरांचा वेध

जयपूर शहराच्या दक्षिणेस सांगानेर येथे विमानतळ आहे. तेथून पोर्तुगालची राजधानी लिस्बन सरळ मार्गाने सुमारे पावणेआठ हजार किलोमीटर दूर आहे. एखादे प्रवासी विमान मध्ये कोठेही न उतरता ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने हा मार्ग आक्रमू लागले, तर त्याला नऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. हे अंतर कोणी जमिनीवर साखळी टाकून मोजलेले नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश असे चार आकडे ठाऊक असले, की गोलावरच्या त्रिकोणमितीने ते काढता येते. जगातील कोणत्याही दोन विमानतळांमधले अंतर मुळात याच रीतीने काढतात. आज हे चार आकडे सहज मिळतात. तीनशे वर्षांपूर्वी त्यांतले दोन, म्हणजे रेखांश, मिळवताना भल्याभल्या ज्योतिर्विदांची मती कुंठित होत असे. त्या काळी याच प्रदेशातून एका राजाने आकाशाचे ज्ञान आणण्यासाठी लिस्बनला माणसे पाठवली होती. ती परत यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या राजाचे, जयपूरचे संस्थापक महाराजा सवाई जयसिंह यांचे, चरित्र या पाठात आपण पाहणार आहोत.

जयसिंहांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी अंबर येथे झाला. अंबरचे कछवाह घराणे मराठी वाचकाला परके नाही. १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह हे या जयसिंहांचे खापरपणजोबा. आग्र्याला महाराजांच्या सुरक्षिततेची हमी घेणारे रामसिंह हे त्यांचे पणजोबा. वडील बिशनसिंह यांचे निधन झाले तेव्हा जयसिंह अवघे अकरा वर्षांचे होते. इ. स. १७०० च्या आरंभी ते गादीवर बसले. औरंगजेबाची भेट झाली असता या बालराजाच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन बादशहाने त्यांना सवाई, म्हणजे इतरांहून सव्वापट, म्हटले अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ही उपाधी त्यांच्या घराण्याला कायमची चिकटली एवढे खरे.

गादीवर बसल्यावर जेमतेम दोन वर्षांत त्यांना दक्षिणेत यावे लागले. औरंगजेब तेव्हा मराठ्यांचे किल्ले एकामागून एक घेण्याच्या खटपटीत होता. खेळण्याच्या, म्हणजे आपल्या विशाळगडाच्या, वेढ्यात तेरा वर्षांच्या जयसिंहांची फौज होती आणि १७०२ मध्ये किल्ला घेण्याच्या कामी तिने पराक्रम गाजवला. अंबर ते विशाळगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे अकराशे चाळीस किलोमीटर आहे. बैल, उंट, तोफा आणि बाजारबुणगे बरोबर घेऊन नद्या व घाट ओलांडत जाणाऱ्या सैन्याला तेवढ्यासाठी महिनेच्या महिने लागत. दूर या शब्दाचा अर्थ जयसिंहांना पुस्तकात नव्हे, तर वाटेवर कळला असणार.

पुढची पंचवीस वर्षे राजकारणाच्या धकाधकीत गेली. औरंगजेबानंतरच्या वारसायुद्धात त्यांनी हरणारी बाजू धरली, अंबर गमावले, राजपूत राजांच्या मदतीने ते परत मिळवले, माळव्याची सुभेदारी अनेकदा स्वीकारली, आग्र्याचा कारभार पाहिला. हे सारे सविस्तर सांगू लागलो, तर मूळ विषय राहून जाईल. आपल्याला येथे त्यांच्या दुसऱ्या जीवनाशी कर्तव्य आहे. दिवसभर दरबाराची कामे उरकणारा हा राजा लहानपणापासून गणित आणि ज्योतिष यांत रमणारा होता आणि ग्रहांच्या स्थितीविषयी त्याच्या मनात एक टोचणी होती.

ती टोचणी अशी. पंचांगकर्ते कोष्टकांवरून ग्रहणाची वेळ, चंद्राची जागा, ग्रहांचे उदयास्त काढत असत. संस्कृत सिद्धांतग्रंथांची कोष्टके होती. पंधराव्या शतकात समरकंदचा ज्योतिर्विद राजा उलुघ बेग याने तयार करवलेली फारसी कोष्टकेही होती. जयसिंहांनी आकाशाशी पडताळून पाहिले, तेव्हा गणिताने आलेली जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा एक येईना. इतर कोणी राजा असता तर ज्योतिष्यांना बोल लावून स्वस्थ बसला असता. जयसिंहांनी नव्याने वेध घेण्याचे ठरवले. बादशहा मुहंमदशहा याची संमती घेऊन त्यांनी १७२४ च्या सुमारास दिल्लीत वेधशाळा उभारली.

प्रथम त्यांनी इस्लामी परंपरेतल्यासारखी पितळी यंत्रे करवली. परंतु पितळी यंत्राचा आस झिजतो, केंद्र सरकते, पातळी ढळते, आणि यंत्र लहान असल्यामुळे त्यावर कलांच्या खुणा नीट पाडता येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी दगड आणि चुना यांची अवाढव्य यंत्रे बांधली. त्यांतले सर्वांत मोठे जयपूरचे सम्राट यंत्र. काटकोन त्रिकोणाच्या आकाराची ही भिंत जमिनीशी सुमारे २७ अंशांचा कोन करते. जयपूरचे अक्षांशही तेवढेच आहेत, त्यामुळे भिंतीची तिरकी कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या चौथाई वर्तुळांवर पडते. या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १५ मीटर असल्याने सावली दर सेकंदाला एका मिलिमीटरहून किंचित अधिक सरकते. तुम्ही तेथे बोट ठेवून उभे राहिलात, तर मिनिटभरात सावली तुमच्या बोटावरून सहा-सात सेंटिमीटर पुढे गेलेली दिसेल. वेळ अशी डोळ्यांदेखत चालताना इतरत्र क्वचितच पाहावयास मिळते. अर्थात सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे. त्यामुळे सावलीची कड रेघेसारखी धारदार नसते, ती काही सेंटिमीटर पुसट असते आणि नेमकी वेळ वाचण्यासाठी अनुभवी निरीक्षकाला युक्ती करावी लागते. मोठे यंत्र म्हणजे तेवढीच मोठी अचूकता, हा हिशेब येथे थोडा अडतो.

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूर नगराची पायाभरणी झाली. रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते असलेल्या या शहराच्या रचनेत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताचा मोठा वाटा होता. राजवाड्यालगतच वेधशाळेसाठी जागा राखली गेली. पुढे मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा झाल्या. एक वेधशाळा असताना आणखी चार कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एका ठिकाणचे वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधांनी पडताळावेत हा त्यामागचा हेतू होता. रेखांशाच्या प्रश्नाकडे पाहिले की या हेतूचे मोल अधिक कळते.

अक्षांश काढणे तुलनेने सोपे. ध्रुव क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजा, किंवा मध्यान्हीच्या सूर्याची उंची घ्या. आपल्या गावी एकटे बसूनही ते साधते. उज्जैनचे उदाहरण घेऊ. भारतीय ज्योतिषात लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेखा मानीत, आणि त्या रेखेपासून आपले गाव किती पूर्वेस वा पश्चिमेस आहे यावरून देशांतर-संस्कार करीत. जयपूर हे नगर जवळजवळ उज्जैनच्याच रेखांशावर आहे, दोहोंत अंशाच्या वीस भागांइतकाही फरक नाही, फार तर एखादा भाग आणि थोडे अधिक. त्यामुळे या दोन वेधशाळांमधले अंतर काढण्यास अक्षांशांची वजाबाकी पुरते. ती येते पावणेचार अंश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर उज्जैन जयपूरच्या नीट दक्षिणेस सुमारे ४१५ किलोमीटरांवर आहे असे निघते. रस्त्याने जाणाऱ्याला अर्थातच अधिक चालावे लागते.

पूर्व-पश्चिम अंतराचे मात्र तसे नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे पूर्वेकडच्या गावी मध्यान्ह आधी होते. एका अंशाला चार मिनिटे, पंधरा अंशांना एक तास. जयपूर आणि लिस्बन यांच्या स्थानिक वेळांत पाच तास चाळीस मिनिटांचा फरक आहे, म्हणजेच त्यांचे रेखांश सुमारे पंच्याऐंशी अंशांनी वेगळे आहेत. पण जयपुरात बसलेल्या माणसाला या क्षणी लिस्बनला किती वाजले हे कसे कळावे? तार नाही, दूरध्वनी नाही, प्रवासात नीट चालेल असे घड्याळ नाही. तेव्हा दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी दिसेल अशी आकाशातली घटना शोधावी लागते. चंद्रग्रहण ही अशी घटना आहे. सूर्यसिद्धांतापासून आपल्याकडे ही रीत ठाऊक होती. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो तो क्षण सगळीकडे एकच असतो. दोन्ही गावच्या निरीक्षकांनी आपापली स्थानिक वेळ टिपून ठेवली, की त्या वेळांतला फरक म्हणजेच रेखांशातला फरक.

म्हणून दोन दूरच्या गावांमधले अंतर काढण्यासाठी दुसऱ्या गावीही एक जाणकार माणूस बसलेला हवा आणि त्याची टिपणे आपल्यापर्यंत पोहोचायला हवीत. दगडाचे यंत्र कितीही मोठे असले तरी ते आपल्याच गावची वेळ सांगते. जयसिंहांच्या चरित्रातला पुढचा भाग या दृष्टीने वाचावा.

त्यांच्या पदरी अनेक विद्वान होते. त्यांत सम्राट जगन्नाथ यांचे नाव आपण विशेष लक्षात ठेवावे. जगन्नाथपंडित महाराष्ट्रीय ब्राह्मण होते अशी परंपरा आहे. ('रसगंगाधर' लिहिणारे जगन्नाथपंडित वेगळे. ते शाहजहानच्या काळातले. नामसाम्यामुळे विद्यार्थी हमखास गोंधळतात.) जगन्नाथांनी अरबी भाषा शिकून घेतली आणि ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीच्या ग्रंथाचे नसिरुद्दीन तुसी याने केलेले अरबी संस्करण संस्कृतात आणले. युक्लिडची भूमितीही त्यांनी तशीच 'रेखागणित' या नावाने संस्कृतात उतरवली. गुजरातचे केवलराम, तसेच नयनसुख उपाध्याय यांच्यासारखे पंडित आणि फारसी जाणणारे मुसलमान ज्योतिर्विद एकाच वेधशाळेत काम करीत. हा मेळ घालणे हीसुद्धा त्या काळी लहान गोष्ट नव्हती. एका भाषेतले गणित दुसऱ्या भाषेत नेताना तो पहिल्या परंपरेचा अवमान ठरू नये, हे राजाने सांभाळले.

युरोपात नवी कोष्टके झाली आहेत आणि तेथील वेधशाळांत मोठे काम चालू आहे, असे जयसिंहांच्या कानी आले. मग त्यांनी आग्र्याच्या जेझुइट मठाचे प्रमुख पाद्री मानुएल द फिगेरेदु यांना काही जाणकारांसह १७२७ मध्ये पोर्तुगालला रवाना केले. पोर्तुगालच का? कारण गोवा जवळ होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या वखारीही हिंदुस्थानात होत्या, पण राजदरबाराशी पत्रव्यवहार करून प्रवासाची सोय लावून देणारे ओळखीचे दार गोव्याचे होते. माणूस पुष्कळदा उत्तम दाराऐवजी उघड्या दाराने जातो.

या प्रवासाची कल्पना करून पाहा. आधी जमिनीवरून गोवा. तेथून जहाजाने हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा, मग अटलांटिकमधून वर लिस्बन. सागरी मार्ग वीस हजार किलोमीटरांच्या आसपास. मोसमी वाऱ्यांची वेळ साधली नाही, तर जहाज वर्षभर बंदरातच पडून राहणार. वारा अनुकूल असला तरी एका बाजूच्या प्रवासाला सहा महिने किंवा अधिक लागत. आता याच दोन स्थळांमध्ये पृथ्वीगोलावर एक दोरा ताणून बसवा. हा दोरा जयपूरहून नीट पश्चिमेस न जाता वायव्येस निघतो, कंदाहारजवळून जातो, कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक गाठतो, तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावरून पुढे बाल्कन देश, इटली, स्पेन करीत लिस्बनला पोहोचतो. सपाट नकाशावर ही रेघ वाकडी दिसते, गोलावर तीच सर्वांत जवळची. हिला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात आणि दूर पल्ल्याची विमाने वारा व देशांच्या हद्दी सांभाळून शक्य तितके याच्या जवळून जातात. फिगेरेदु यांचा मार्ग या दोऱ्याच्या अडीचपटीहून मोठा होता. गोलावरची ही रेघ काढण्याचे गणित जगन्नाथपंडितांना अवगत होते. त्या रेघेवरून जाण्याचे साधन मात्र कोणापाशीच नव्हते.

लिस्बनला तेव्हा पाचवा जुआंव हा राजा राज्य करीत होता. त्याला स्वतःला खगोलशास्त्राची आवड होती आणि त्याच्या राजवाड्यात वेधशाळा होती. मंडळाचे स्वागत झाले. परतताना फिगेरेदु यांच्याबरोबर पेद्रू द सिल्व्हा हा जाणकार हिंदुस्थानात आला आणि जयपुरात राहिला. त्यांनी आणलेल्या ग्रंथांत फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला इर याची १७०२ साली छापलेली कोष्टके होती.

जयसिंहांनी ती कोष्टके डोळे मिटून स्वीकारली नाहीत. आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक आढळला, आणि ग्रहणाच्या वेळा पाव घटकेने, म्हणजे पंधरा पळांनी, पुढेमागे येऊ लागल्या. पंधरा पळे म्हणजे सहा मिनिटे. एवढ्याशा फरकाचे काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण वर पाहिलेल्या हिशेबाने सहा मिनिटे म्हणजे दीड अंश रेखांश, आणि जयपूरच्या अक्षांशावर दीड अंश म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. ग्रहणाची वेळ सहा मिनिटांनी चुकली तर नकाशावरचे जयपूर अजमेरच्याही पलीकडे जाऊन पडेल. शिवाय ती कोष्टके पॅरिसच्या वेळेची होती. ती जयपुरात वापरायची तर दोन्ही नगरांच्या वेळांतला चार तास चोपन्न मिनिटांचा फरक आधी नेमका ठाऊक हवा. कोष्टके तपासण्यासाठी रेखांश हवेत आणि रेखांश काढण्यासाठी चांगली कोष्टके हवीत, असा तो पेच होता.

चुकीचे कारण म्हणून जयसिंहांनी युरोपातली यंत्रे लहान व्यासाची असतात याकडे बोट दाखवले. येथे मात्र त्यांचा निष्कर्ष अपुरा होता असे म्हणावे लागते. युरोपातल्या निरीक्षकांनी यंत्रांवर दुर्बिणी बसवून नेम धरण्याची रीत केव्हाच स्वीकारली होती. लहान यंत्रही तिच्यामुळे अचूक होत असे. जयसिंहांपाशी दुर्बिणी होत्या. शुक्राच्या कला, गुरूचे चार चंद्र, सूर्यावरचे डाग त्यांच्या वेधशाळेत पाहिले गेले होते. पण मोजमापाचे यंत्र आणि दुर्बीण ही दोन्ही त्यांच्याकडे वेगवेगळीच राहिली. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ जयसिंहांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १६८७ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. लिस्बनहून आलेल्या पेट्यांतून त्याचा विचार जयपूरला पोहोचल्याचे दिसत नाही. याचा दोष एकट्या राजाला देणे मला न्याय्य वाटत नाही. ज्याला प्रश्न विचारायचा, त्याच्यापर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास चार वर्षे लागत असतील, तर माणूस आयुष्यात असे किती प्रश्न विचारू शकेल?

तरीही त्यांनी पुन्हा विचारले. बंगालमधील चंद्रनगर येथे फ्रेंच जेझुइट होते. त्यांतले क्लोद बूदिए आणि पाँस हे दोघे जयसिंहांच्या निमंत्रणावरून जानेवारी १७३४ मध्ये निघाले. चंद्रनगर ते जयपूर अंतर सरळ रेषेत सुमारे साडेतेराशे किलोमीटर. आज कोलकात्याहून विमान अडीच तासांच्या आत जयपूरला उतरते. या दोघांना कित्येक महिने लागले, प्रकृतीही बिघडल्या. मात्र वाटेत ते रिकाम्या हातांनी चालले नाहीत. मुक्कामाच्या गावांचे अक्षांश व रेखांश ते काढत गेले. दुर्बिणीतून गुरूच्या चंद्रांची ग्रहणे पाहून रेखांश ठरवण्याची रीत बूदिए यांना अवगत होती. चंद्रग्रहण वर्षातून फार तर दोन-तीन वेळा होते, गुरूचे चंद्र मात्र दर दोन-चार दिवसांनी छायेत शिरतात. जणू आकाशात टांगलेले घड्याळच ते, लिस्बनपासून बंगालपर्यंत सर्वांना एकच वेळ दाखवणारे. जयसिंहांनी ते चंद्र पाहिले होते. त्यांचा घड्याळासारखा उपयोग करणारे हे लोक होते. बूदिए यांनी ठरवलेली स्थाने पुढे द'आँव्हील या फ्रेंच नकाशाकाराने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या नकाशात वापरली.

त्याच १७३४ साली दुसरीकडे मराठ्यांना आवर कसा घालावा याचा विचार करण्यासाठी जयसिंहांनी राजपूत राजांची परिषद हुरडा येथे भरवली होती. दोन्ही कामे एकाच माणसाच्या एकाच वर्षातली! परिषदेतून काही निष्पन्न झाले नाही. पुढच्या वर्षी बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या, तेव्हा जयपुरात त्यांचा मोठा सन्मान झाला. १७३६ मध्ये जयसिंह आणि बाजीराव यांची किशनगडजवळ भेट झाली, आणि १७४१ मध्ये धोलपूर येथे नानासाहेब पेशव्यांशी बोलणी करून माळव्याचा प्रश्न मार्गी लावण्यात जयसिंहांनीच मध्यस्थी केली. मराठ्यांशी लढण्यापेक्षा जुळवून घेणे शहाणपणाचे, हे त्यांनी इतर राजांच्या आधी ओळखले होते.

वेधांचे फळ म्हणून जी फारसी कोष्टके तयार झाली ती बादशहाच्या नावावरून 'झीज-इ-मुहंमदशाही' म्हणून ओळखली जातात. केवलरामांनी ला इर याच्या कोष्टकांवरून संस्कृत सारणीही रचली. जयसिंहांचे समाधान मात्र झाले नव्हते. उतारवयात त्यांनी आणखी युरोपीय ज्योतिर्विदांना बोलावले. अंद्रेयास स्ट्रोब्ल आणि आंतोन गाबेल्सपेर्गर हे दोन जर्मन जेझुइट गोव्याहून निघून १७४० मध्ये जयपूरला पोहोचले. गाबेल्सपेर्गर पुढच्याच वर्षी तेथे वारले. युरोपातून हजारो कोस आलेल्या त्या माणसाला जयसिंहांच्या वेधशाळेत काम करायला एक वर्षच मिळाले.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंहांचे निधन झाले. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या पुत्रांमध्ये गादीसाठी भांडण जुंपले. त्यात मराठे ओढले गेले, आणि १७५० मध्ये ईश्वरीसिंहांनी आत्मघात केला. अशा काळात ग्रहणाच्या वेळा टिपायला कोणाला सवड असणार? यंत्रांवरच्या खुणा पुसट होत गेल्या. मथुरेची वेधशाळा तर नामशेष झाली. जयपूरच्या यंत्रांचा जीर्णोद्धार १९०१-०२ मध्ये झाला. त्या कामात हिंदीचे नामवंत कथाकार चंद्रधर शर्मा गुलेरी सहभागी होते. उज्जैनच्या वेधशाळेची दुरुस्ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये करवली आणि तेथे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने काम पाहिले. ज्या माळव्यासाठी जयसिंह आणि पेशवे यांची बोलणी चालली होती, त्याच माळव्यातली ही गोष्ट. जयपूरच्या जंतरमंतरला २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

सम्राट यंत्रापाशी उभे राहून मनगटावरचे घड्याळ पाहणाऱ्याला दोन वेळा जुळत नाहीत असे दिसते. यंत्र जयपूरच्या सूर्याची वेळ दाखवते, तर घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ. दोन्हींत सुमारे सत्तावीस मिनिटांचे अंतर आहे. ऋतुमानाप्रमाणे सूर्याच्या गतीमुळे त्यात काही मिनिटांची भर किंवा घट होते. यंत्र चुकलेले नाही. जयपूर प्रमाणवेळेच्या रेषेपासून पावणेसात अंश पश्चिमेस आहे, एवढेच ते सांगते.